टोपीवरचा खड्डा

मित्रांनो, गप्प बसायचं म्हटलं की माझा जीव नुसता खालीवर होतो. माझी घडणच तशी. तारेला लोंबकळणारा मी एक जुना दिवा. वारा सुटला की हलायचो, महामार्गावरून उसाचा ट्रक धडधडत गेला की हलायचो, कुणी जोरात शिंकलं तरी हलायचो. आणि आता या वयात मला एका लोखंडी दांडीला करकचून आवळून टाकलंय. हलायची म्हणून सोय नाही. म्हटलं, अंग हलत नाही तर निदान तोंड तरी हलवावं.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. मी म्हणजे बल्ब नव्हे. बल्बाचं काय, आज आहे तर उद्या उडाला. माझ्या पोटात किती आले नि किती गेले, त्यांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत. मी म्हणजे ही पत्र्याची टोपी, हा पितळी होल्डर आणि ही काळी वायर. टोपीला डाव्या अंगाला मुठीएवढा खड्डा आहे, दिसला ना? वर्कशॉपात नवा माणूस आला की हमखास विचारतो, "एवढा चेपलेला दिवा कशाला ठेवलाय? नवा घ्या की." नवा घ्या म्हणे! या खड्ड्याची गोष्ट ऐका, मग बोला.

माझा जन्म बारामतीच्या बाजारातला. तिथं गेणू नावाचा एक कारागीर तेलाचे रिकामे डबे कापून नरसाळी, चाळण्या, रॉकेलच्या चिमण्या करायचा. त्याच्याकडं एक दिवस साहेबराव आले. साहेबराव तेव्हा सोमेश्वरनगरला साखर कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं काम करायचे. त्यांनी गेणूला सांगितलं, "टोपी अशी कर, की उजेड माझ्या डोळ्यात न्हाय, जॉबवर पडला पायजे." जॉब म्हणजे मशीनला लावलेलं काम. गेणूनं मान डोलावली आणि मला जे ठोकलं, जे ठोकलं, आई गं! दोन दिवस अंग बधिर होतं. आतून पांढरा रंग दिला. बाहेरून मात्र डब्याचं चित्र तसंच राहिलं. माझ्या पाठीवर अजून भुईमुगाच्या दोन शेंगा दिसतात. नीट बघा, काजळीखाली आहेत.

पुढं साहेबरावांनी नोकरी सोडून इंदापुरात स्वतःचं वर्कशॉप काढलं. वर्कशॉप कसलं, महामार्गाच्या कडेला चार खांब आणि वर पत्रे. आत एक लहान लेथ आणि त्याच्यावर मी. पण काम कसं, विचारू नका! ट्रॉलीचे एक्सल, विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट, मोडलेल्या अवजारांचे बोल्ट. तापलेला लोखंडाचा कीस उडून माझ्या अंगावर यायचा आणि चर्र करायचा. मी हललो की जॉबवरची सावली हलायची, मग साहेबराव मला एका हातानं धरून म्हणायचे, "गप की रं बाबा जरा!" त्या हाताला तेलाचा वास असायचा. शिव्या दिल्या तरी त्या हाताचा राग मला कधी आला नाही.

आमच्याकडं एक रीत होती. शेजारच्या गॅरेजात खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा व्हायची, नारळ फुटायचा. आमच्याकडं मात्र खरा सण चौदा एप्रिलचा, जयंतीचा. त्या दिवशी साहेबरावांची बायको अक्काबाई स्वतः वर्कशॉपात यायची. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा, मशीन रॉकेलनं लख्ख पुसायचं आणि मग मला खाली घेऊन पदरानं पुसून माझ्यात नवा कोरा बल्ब घालायचा. जुना चांगला असला तरी नवाच. "वरीसभर उजेड देतोय, त्याला बी नवं कापड नगं का?" असं ती म्हणायची. मी मशीनवर पेटलो की साहेबराव वर्षाचा पहिला जॉब मशीनच्या तोंडात, म्हणजे चकात आवळायचे. दिव्याआधी जॉब नाही. ही रीत अक्काबाईनं कधी मोडू दिली नाही. वर्षातला तो एक दिवस माझ्या कौतुकाचा. मी असा काही मिरवायचो, की बोलायची सोय नाही.

आता येते आमची रश्मी. साहेबरावांची एकुलती एक लेक. आयटीआयला टर्नरच्या वर्गात सगळी मुलं आणि ही एकटी मुलगी. पास होऊन आली, वेणी बांधून बापाशेजारी मशीनवर उभी राहिली आणि काम असं करायची, की गिऱ्हाईकं आधी हसायची नि मग गप्प व्हायची. पण मुलगी भारी तडफदार. एका जागी बसवत नव्हतं तिलाही. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली असं मी मनातल्या मनात म्हणायचो.

शहाण्णव सालची गोष्ट. उसाचा हंगाम संपत आला होता. हंगाम संपला की दुरुस्तीची कामं निघतात. ऊस पिळायच्या चरकाच्या जाडजूड लाटा, म्हणजे रूळ, कातायला यायच्या आणि आमचं मशीन पडलं लहान. लाट दारातूनच परत जायची. एक दिवस रश्मीनं हातातली चावी टेबलावर आपटली.

"आबा, मोठी कामं समदी बारामतीला जात्यात आन आपण हितं बोल्ट कातत बसलोय. मोठं मशीन आणू."

"ठेवायचं कुठं? माझ्या डोक्यावर?" साहेबराव म्हणाले.

"शेड पाडू. नवी बांधू. उजेड करू चांगला. ह्या अंधारात लाट कातायची म्हणजे डोळं फुटत्याल."

अंधारात? मी वर टांगलेलो असताना? मी असा झोका घेतला, की सावल्या भिंतीवर नाचल्या. पण माझ्याकडं लक्ष कुणाचं?

झालं. पत्रे उतरले, विटा चढल्या, चुना लागला. समोरची भिंत मशीन आत यायला तेवढी उघडी ठेवली. मग आला जोतीराम वायरमन. कानावर पेन्सिल, खांद्यावर वायरीचं भेंडोळं आणि तोंड अखंड चालू. त्यानं ट्यूबलाइटींच्या रांगाच्या रांगा लावायला घेतल्या. रश्मीनं विचारलं, "काका, तीन फेज येत्यात आपल्याकडं. ट्यूबा वाटून घेताय ना तिन्हीवर?"

जोतीराम शिडीवरून हसला. "पोरी, तुला पुस्तक ठावं, मला फिडर ठावा. ह्या लाइनीवर दोन फेज जात्यात, ही एक कधी जात न्हाय. समद्या ट्यूबा हिच्यावर घेतो. मोटार बंद पडू दे, उजेड हाय तो हायच!"

सगळ्यांना पटलं. रश्मीलाही पटलं. कुणाला पटणार नाही? वीज जायची म्हणजे आमच्याकडं रोजचंच रडगाणं. अंधारात बसायचा कंटाळा आलेला माणूस दुसरं काय करणार? मीही तेव्हा मनात म्हटलं, गडी हुशार आहे.

ट्यूबा लागल्या. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा रस्त्यावरची माणसं आत डोकावली. "दिवस उगवल्यागत झालं की वो!" असं जो तो म्हणायला लागला. खरंच झालं होतं, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यातला बारीक खिळासुद्धा दिसत होता. जोतीरामनं पक्कड काढली, माझी वायर कटकन तोडली आणि विचारलं, "हे भंगार कुठं टाकू?"

भंगार! इतक्या वर्षांची नोकरी आणि हा निरोप. पण अक्काबाई तिथं पाणी प्यायला आली होती. तिनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. "तुझ्या आज्याला म्हण भंगार," असं म्हणून तिनं माझी वायर माझ्याच अंगाला गुंडाळली आणि माठाजवळच्या खिळ्याला मला अडकवून टाकलं. बल्ब काढून घेतलेला. आंधळाच म्हणा ना. खिळ्यावर झोकाही घेता येत नव्हता. पाणी प्यायला येणाराजाणारा माझ्या टोपीत हात पुसायचा. त्या दिवसांत मला जी तळमळ लागली, ती अजून पुरती गेलेली नाही.

मग आलं मशीन. सोलापूरकडच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून आणलेलं, ट्रकभर लांब, हिरव्या रंगाचं. त्याचा चक म्हणजे जॉब पकडणारं लोखंडी तोंड, चार जबड्यांचं, भाकरीच्या परातीपेक्षा मोठं. उतरवायला दत्तोबा आणि त्याची माणसं. वर तीन खांबांच्या तिकाटण्याला चेनपुली, खाली लोखंडी पाइप, हातात पहारी. एप्रिलचं ऊन असं, की लोखंडाला हात लावला तर फोड यावा. दत्तोबा पुढं ओरडायचा आणि बाकीचे मागून.

"सोलापूरची पाव्हणी!"

"हैस्सा!"

"इंदापुरात आली!"

"हैस्सा!"

"दारात अडली!"

आणि खरंच अडली. रश्मीनं हौसेनं आठवड्यापूर्वी उंबऱ्याला गुळगुळीत सिमेंटचा उंच काठ करून घेतला होता. पाइप त्याच्यावर चढेना. पहार लावली तसे काठाचे तुकडे झाले.

"पाव्हणी घरात यायच्या आधीच उंबरा घालून बसला व्हय?" दत्तोबा म्हणाला. "आधी वरात आत घ्यावी, मग दार सजवावं."

सगळे हसले. रश्मीचं तोंड लाल झालं. तेवढ्यात एक पाइप तिरका झाला आणि तो सरळ करायला साहेबरावांनी थेट मशीनखाली हात घातला. त्यांचं हे असंच. जिभेच्या आधी हात पुढं. दत्तोबानं त्यांचं मनगट धरून हिसका देऊन ओढलं.

"साहेबराव, हे बघा." त्यानं आपला उजवा पंजा पुढं केला. त्याला दोन बोटं नव्हती. "लोखंडाला दयामाया न्हाय. मी दोन दिल्यात, तुमी देऊ नगा."

"सवय हाय रं," साहेबराव ओशाळून म्हणाले.

"मलाबी व्हती," दत्तोबा म्हणाला.

मी खिळ्यावरून ते ऐकलं आणि माझ्या पत्र्याला कापरं भरलं. साहेबरावांचा तो हात म्हणजे त्या घराची चूल होती. रश्मी मशीन चालवायची खरी, पण अवघड जॉब आला की मापाला तोच हात लागायचा.

मशीन जागेवर बसलं, बोल्ट आवळले, मोटार जोडली. संध्याकाळी तिन्ही फेज आल्या. ट्यूबा झगमगत होत्या. रश्मीनं मशीन सुरू केलं आणि एकेक गिअर चढवत गेली. चक घूं करत फिरायला लागला. मग वरच्या गिअरला ते झालं.

चक थांबला. म्हणजे तसं दिसलं. मोटारीचा आवाज येतोय, पट्टा पळतोय आणि चकाचे चारी जबडे जागच्या जागी उभे! जरा पुसट, पण उभे.

"आं?" रश्मी म्हणाली. "हे काय असं?"

जोतीराम पुढं सरकला, वाकून बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणत्यात जुनं दणकट मशीन! तसूभर थरथर न्हाय. इतकं सरळ फिरतंय, की फिरतंय असं वाटतच न्हाय!"

रश्मीच्या कपाळावर आठी होती. पण एवढी धावपळ करून आणलेल्या मशीनचं कुणी कौतुक केलं, तर ऐकायला गोड लागतंच. आठी गेली. साहेबरावांनी अभिमानानं मशीनच्या अंगावर हात फिरवला. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरचा कुणीही आला, की त्याला बोलवून दाखवायचे, "बघा, फिरतंय पण हलत न्हाय!" लोक तोंडात बोटं घालायचे.

मला मात्र ठाऊक होतं. चकाचा वारा माझ्या टोपीला लागत होता. भिंतीतून धडधड माझ्या खिळ्यापर्यंत येत होती. तो चक उभा नव्हता मित्रांनो, तो मरणाच्या वेगानं फिरत होता! आणि माणसांच्या डोळ्यांना तो उभा दिसत होता. आता कुणी त्याला उभा समजून हात लावला तर? आणि आमच्याकडं एक हात होताच, जिभेच्या आधी पुढं जाणारा. मला ओरडावंसं वाटायचं. पण दिव्याला तोंड असून बोलता येत नाही आणि माझ्या तोंडात तर तेव्हा बल्बसुद्धा नव्हता. नुसता खिळ्यावर चरफडत राहिलो.

जयंती आली. रश्मीनं ठरवलं, नव्या वर्कशॉपचा शुभारंभ त्याच दिवशी, दिवेलागणीला, मिरवणूक आमच्या दारावरून जाते तेव्हा. फोटोला मोठा हार, दारात निळे झेंडे, पाहुण्यांना बुंदीचे लाडू. रस्त्यावर लाउडस्पीकरची गाणी आणि ढोल-ताशा. शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना, एवढा दणदणाट. पाहुण्यांना ती गंमत दाखवायची म्हणून रश्मीनं चक मोकळाच ठेवून मशीन वरच्या गिअरला सुरू केलं आणि कुणी हाक मारली म्हणून दाराकडं गेली. चक फिरत राहिला. उभा दिसत फिरत राहिला.

तेवढ्यात अक्काबाई लाडवांचं ताट ठेवून आत आली. तिनं एक नजर मशीनवर टाकली आणि एक माझ्यावर. तिच्या कमरेच्या पिशवीत नवा बल्ब होता.

"रश्मे! दिवा कुठं हाय मशीनवर?"

"आई, अगं एवढ्या ट्यूबा हायत. त्या जुन्याचं आता काय काम?"

"ट्यूबा तुज्या. दिवा माजा. दिव्याबिगर पहिला जॉब लागायचा न्हाय म्हंजी न्हाय!"

"लोक बघत्यात आई!"

"बघू देत की. लोकांना बी कळू दे आमची रीत."

ती तणतणत माझ्याकडं आली, मला खिळ्यावरून काढलं, पदरानं पुसलं, बल्ब घातला. माझ्या तुटक्या वायरीला तिनं आदल्या दिवशीच जोतीरामला दटावून पिन लावून घेतली होती. मशीनजवळच्या भिंतीतल्या बोर्डात तिनं पिन खोचली.

आणि तेव्हाच साहेबराव बाहेरून आत आले. गळ्यात हार, डोळ्यांत पाणी, कुणाशी तरी जय भीम करत. कारखान्याच्या नोकरीनं त्यांचा एक कान आधीच गेलेला, त्यात हा ढोलांचा गजर. मोटारीचा आवाज कुठला ऐकू येणार! त्यांनी मशीनकडं बघितलं. चक उभा. पहिला जॉब आपल्या हातानं आवळायचा, ही त्यांच्या मानाची गोष्ट. त्यांनी चकाची जड लोखंडी चावी उचलली आणि चारी जबड्यांकडं हात नेला.

मित्रांनो, त्या वेळी मी अक्काबाईच्या हातात होतो. तिनं बटण दाबलं आणि मला पुढं केलं.

मी पेटलो. माझा पिवळा उजेड अगदी जवळून चकावर पडला आणि उभे दिसणारे जबडे एकदम नाहीसे झाले. तिथं नुसतं गरगरणारं करडं चक्र उरलं. साहेबरावांच्या डोळ्यांना ते दिसलं. त्यांनी हात मागं खेचला. पण चावीचं टोक चकाला टेकलंच. खण्ण झालं. चावी त्यांच्या मुठीतून निसटून सुटली ती सरळ अक्काबाईच्या तोंडाकडं. मध्ये मी होतो.

एवढंच मला आठवतं. बल्बाच्या ठिकऱ्या उडाल्या, माझी टोपी आत गेली आणि सगळं काळं झालं.

पुढचं थोडं मी अंधारात ऐकलं, थोडं नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. रश्मी किंचाळली. कुणीतरी मेन स्विच खाली ओढला. चावी फरशीवर कुठंतरी खणखणत गेली. बाहेर ढोल वाजतच होता, त्यांना काय कल्पना! अक्काबाईनं मला टाकून दिलं आणि साहेबरावांचा हात दोन्ही हातांनी धरला.

"अंगठा... हे हाय... हे हाय... हे बी हाय..." ती एकेक बोट चाचपत होती. करंगळीपर्यंत आली आणि मग तिनं त्याच हातावर फाडकन चापट मारली. "अवो, डोळं हायत का न्हायत तुमाला? हात गेला आसता की वो! मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं व्हतं?" आणि ती मोठ्यानं रडायला लागली. दत्तोबा गर्दीतून पुढं आला, त्यानं साहेबरावांचा हात बघितला आणि हळूच आपला पंजा मागं लपवला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप बंद ठेवून रश्मी एकटी मशीनपुढं उभी राहिली. चेहरा ओढलेला होता. तिनं चकाच्या तोंडावर खडूची एक रेघ ओढली, मशीन सुरू केलं आणि लांब उभं राहून बघितलं. ट्यूबांच्या उजेडात एकीच्या चार रेघा झाल्या, पण चारी जागच्या जागी उभ्या. मग तिनं माझ्यात दुसरा बल्ब घातला, माझी चेपलेली टोपी तशीच दांडीवर अडकवली आणि मला चकाजवळ आणलं. रेघा गेल्या. नुसतं पांढरं वर्तुळ.

संध्याकाळी तिनं साहेबरावांना आणि जोतीरामला समोर बसवून समजावलं. "ट्यूब एकसारखी पेटलेली नसती आबा. डोळा मिचकावती, सेकंदात कितीतरी येळा. आपल्याला कळत न्हाय. समद्या एकाच फेजवर, म्हणून समद्यांनी एकदमच डोळं मिटायचं आन एकदमच उघडायचं. चक बी त्याच तालात फिरला, की दरवेळी जबडं त्याच जागी दिसत्यात. म्हणून उभा दिसतो. जुन्या दिव्याची तार तापलेलीच राहती, ती डोळा मिटत न्हाय."

जोतीरामनं कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. मग म्हणाला, "रश्मी, माझ्या घरात बी एक लेथ असतं तर मी बी असंच केलं असतं बघ. उजेड जाऊ नये एवढंच डोक्यात व्हतं." शिडी घेऊन तो लगेच चढला आणि रात्र व्हायच्या आत ट्यूबा तिन्ही फेजवर वाटून दिल्या.

रश्मी मात्र स्वतःवरच चिडली होती. "मी विचारलं व्हतं, आन मग गप बसले. लोकांनी वाखाणलं म्हणून गप बसले," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. साहेबरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. "रडू नगं. मी बी विचारलं न्हाय. उभा दिसला म्हणून उभाच समजलो. आता ह्याला हितनं हलवायचा न्हाय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

तेव्हापासून मी या दांडीला आहे. मोठ्या मशीनच्या चकावर, अगदी जवळ. माझी सावली हलू नये म्हणून मला आवळलंय. टोपी ठोकून सरळ करू का, असं जोतीरामनं विचारलं होतं. अक्काबाई म्हणाली, "न्हाय. खड्डा ऱ्हाऊ दे. दिसत ऱ्हाऊ दे समद्यांना." ट्यूबाही आहेत. त्यांचा राग नाही माझ्या मनात. लांबच्या कोपऱ्यापर्यंत उजेड नेणं त्यांनाच जमतं, मला नाही जमत. नवं आणा मित्रांनो, जरूर आणा. पण नव्या उजेडात एखादी गोष्ट जास्तच सुंदर दिसायला लागली, की थोडं थांबा आणि तिला दुसऱ्या उजेडात बघा. आणि फिरत्या मशीनला हात लावायच्या आधी डोळ्यांवर विसंबू नका, बटण बंद आहे का ते बघा. जुन्या दिव्याची एवढीच विनंती आहे. बाकी मला पुसा अथवा पुसू नका.

खरं तर पुसाच. कारण आता रोज सकाळी वर्कशॉप उघडलं, की साहेबराव आधी माझ्याकडं येतात. हातात फडकं घेतात आणि माझी टोपी पुसतात, खड्डा जरा जपून. मला हलता येत नाही, बोलता येत नाही, पण ते दाराशी दिसल्यापासून माझा जीव खालीवर होतो. ते फडकं फिरवतात आणि मी मोजतो. अंगठा, मग एक, मग दुसरं, तिसरं, करंगळी. पाचही आहेत. मग मी पेटतो आणि कामाला लागतो.